पाण्यावरच्या शाईत डिस्पर्संटचे प्रमाण कसे ठरवावे

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात कोरुगेटेड खोक्यांवर छापायला पाण्यावर आधारित फ्लेक्सो शाई (लवचीक साच्याने छापण्याची पातळ शाई) लागते. ती बनवणाऱ्या लहान कारखान्यांत पॉलिमर डिस्पर्संट, म्हणजे रंगद्रव्याचे कण पाण्यात सुटे ठेवणारा पदार्थ, बहुधा मागच्या बॅचइतकाच घातला जातो. वास्तविक हे प्रमाण रंगद्रव्याच्या पृष्ठफळावरून काढावे लागते, कारण डिस्पर्संटचे काही गट कणाला घट्ट चिकटतात आणि त्याच्या लांब साखळ्या पाण्यात पसरून शेजारच्या कणांना दूर ठेवतात. उघडा राहिलेला कण दुसऱ्या कणाला जाऊन चिकटणारच.

टिटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याला सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट हा डिस्पर्संट सहसा पुरतो. थॅलो ब्लू (निळे) किंवा कार्बन ब्लॅक (काळे) या रंगद्रव्यांचे कण फार बारीक असल्याने त्यांच्यासाठी ब्लॉक किंवा कंगव्यासारख्या (comb) रचनेचा को-पॉलिमर डिस्पर्संट घ्यावा.

सुरुवातीचा अंदाज म्हणून दर चौरस मीटर पृष्ठफळाला २ मिलिग्रॅम सक्रिय डिस्पर्संट (विकतच्या मालातले पाणी वगैरे वगळून उरणारा भाग) धरावा. थॅलो ब्लूचे पृष्ठफळ प्रतिग्रॅम ६० चौरस मीटर असेल, तर १०० ग्रॅम रंगद्रव्याला १२ ग्रॅम सक्रिय भाग लागतो, म्हणजे ४० टक्के सक्रिय असलेला माल ३० ग्रॅम. कॅनवरची टक्केवारी न पाहता केलेला हिशेब हमखास फसतो.

या आकड्याच्या दोन्ही बाजूंनी, म्हणजे ८, १२, १६, २० आणि २४ टक्के (रंगद्रव्याच्या वजनावर) सक्रिय भागाचे पाच नमुने करावेत. आधी पाणी, मग डिस्पर्संट आणि डिफोमर (फेस मारणारा पदार्थ) घालून सामू साधारण ८.५ ते ९ ठेवावा आणि रंगद्रव्य ढवळत-ढवळत थोडे-थोडे सोडावे. काचमणी घालून पाचही नमुने शेकरवर सारखाच वेळ फिरवावेत. ज्याचा दाटपणा (व्हिस्कॉसिटी) सर्वांत कमी आणि पांढऱ्या बेसमध्ये (तयार पांढऱ्या रंगात) मिसळल्यावर रंगाची ताकद सर्वांत जास्त, ते प्रमाण घ्यावे. त्यापुढे डिस्पर्संट वाढवला, तर फेस वाढतो आणि वाळलेला थर पाण्याने पुसला जातो.

मला सर्वांत भरवशाची वाटते ती रगडून पाहण्याची चाचणी. पांढऱ्या बेसमधल्या निळ्याचा थर कार्डावर ओढावा आणि तो अर्धवट ओला असताना एका कोपऱ्यात बोटाने गोल-गोल चोळावा. चोळलेला ठिपका आजूबाजूपेक्षा गडद दिसला, तर कण पुन्हा गोळा झाले आहेत असे समजावे. निवडलेला नमुना ५० अंशांवर दोन आठवडे ठेवून हीच तपासणी पुन्हा करावी.

पाण्याकडे मात्र दुर्लक्ष होते. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पॉलिअ‍ॅक्रिलेटला निकामी करतात. एकदा घाईत बोअरचे पाणी वापरून केलेली माझी पांढरी पेस्ट रात्रीत दह्यासारखी घट्ट झाली होती आणि ती पूर्ण टाकून द्यावी लागली. पेस्टसाठी डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेले) पाणीच वापरावे, आणि मे महिन्यात टँकर लागला, तर क्षार काढणाऱ्या संयंत्रातून निघालेल्या पाण्याची कठीणता त्याच दिवशी मोजावी.