इफ-एल्स लिहिताना या चुका टाळा, एरर येत नाही पण उत्तर गंडतं

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना स्क्रीनवर लाल एरर आली की लोक घाबरतात, पण खरं तर ती बरी, निदान कुठल्या ओळीत घोळ आहे ते तरी सांगते. डोकेदुखी असते ती गपगुमान चालून चुकीचं उत्तर देणाऱ्या प्रोग्रामची, आणि इफ-एल्समध्ये, म्हणजे "अट खरी तर हे कर, नाहीतर ते" अशा ओळींमध्ये, हे फार होतं.

दहावीच्या निकालाचंच घ्या, ७५ टक्क्यांना डिस्टिंक्शन, ६० ला फर्स्ट क्लास, ४५ ला सेकंड, ३५ ला पास. बरेच जण पहिली अट टाकतात टक्के >= ३५ आणि मग खाली एलिफ ("नाहीतर ही अट बघ") लावत ४५, ६०, ७५ असं चढत जातात. आता ९२ टाकून बघा, नुसतं "पास" येतं! कारण वरून पहिली जी अट खरी ठरते तेवढीच चालते, खालच्यांकडे पायथन ढुंकूनही बघत नाही. मोठा आकडा वर ठेवा. आणि एलिफऐवजी सगळीकडे इफ लिहिलंत तर त्याच ९२ वाल्याला चारही निकाल एकदम मिळतात, घ्या पेढे.

दुसरी चूक: शहर == "पुणे" ऑर (किंवा) "मुंबई". वाचायला एकदम बरोबर वाटतं ना, पण नागपूर टाकलं तरी अट खरीच. ऑरच्या पुढे नुसती "मुंबई" उरते आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) पायथन खरी धरतो. शहर == दोन्हीकडे लिहा.

सिंगल = (व्हॅल्यू ठेवणं) आणि डबल == (सारखं आहे का बघणं) यांचा गोंधळ पायथन इफमध्ये स्वतःच पकडतो. सी भाषा मात्र इफ (क = ५) खपवून घेते आणि ते कायम खरं, त्यामुळे कॉलेजात सी असेल तर कंपायलरच्या (कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामच्या) वॉर्निंग चालू ठेवा, प्लीज.

इनपुटने, म्हणजे वापरणाऱ्याने टाइप करून, आलेलं सगळं स्ट्रिंग असतं हे पण विसरतात लोक. तिला >= ने आकड्याशी ताडलं तर टाइपएरर येते, पण == लावलं तर चुपचाप फॉल्स (खोटं). आधी इंट लावून आकडा करून घ्या.

टेस्ट करताना ८०, ५० असले सोपे आकडे नकोत, काठावरचे टाका, ३४, ३५, ५९, ६०, ७४, ७५. तरीही अट लागत नसेल तर इफच्या अगदी वरच्या ओळीत ती व्हॅल्यू repr() मध्ये (अवतरणचिन्हांसकट दाखवतं) घालून प्रिंट करा, बऱ्याचदा "पुणे" च्या मागे एक स्पेस चिकटलेली दिसते आणि स्ट्रिप (कडेच्या स्पेस काढणारं) लावलं की काम होतं.