मैत्रिणीला पर्स शिवताना चेन अर्धी उघडी ठेवा

डोंबिवली ते व्हीटी असा 32 वर्षं लोकलनं प्रवास केला. नोकरी बँकेत होती, पण क्रोशा सगळा लेडीज डब्यात शिकले आणि शिवणाची मापंही तिथेच घेतली. आमच्या ग्रुपमध्ये बायका एकमेकींना स्टेशनानं ओळखायच्या. ठाणेवाली, कळवावाली, घाटकोपरवाली. कोणाचा वाढदिवस, कोणाची रिटायरमेंट, कोणाच्या मुलीचं बाळंतपण निघालं की काहीतरी द्यायचंच. सुरुवातीला मी दुकानातून आणून द्यायचे. मग लक्षात आलं, की दुकानातला डबा तिच्या कपाटात जाऊन बसतो आणि मी शिवलेली पर्स मात्र रोज सकाळी माझ्यासमोर उघडते. तिची चेन अडकली तर ती सगळ्या डब्यासमोर अडकते. तेव्हा पुढे जे सांगते आहे ते थोडं हौसेनं आणि बरंचसं धाकानं शिकलेलं आहे.

काय करू, असं मैत्रिणीला विचारायचं नाही. “काही नको गं” हेच ऐकायला मिळतं. तिची बॅग बघा. ठाणेवाली सुट्टे पैसे प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवायची, म्हणजे तिला पर्स. कळवावालीची बाटली कायम बॅगेत आडवी पडून डब्याचं फडकं भिजवायची, म्हणजे तिला बाटलीची जाळी. माप घ्यायला टेप काढलीत की गुपित फुटलं. “जरा पाणी दे” म्हणायचं, बाटलीभोवती दोरा फिरवायचा, गाठ मारून पदरात टाकायचा. मी असंच करायचे.

आधी पर्स, कारण शिवणमशीन घरात असेल तर ती एका दुपारी होते. तयार झाल्यावर साधारण 7 इंच रुंद आणि पावणेपाच इंच उंच. नोटा घडी न करता मावतात, मोबाईलही आडवा बसतो. बाहेरून खणाचं कापड घ्या. खण मुळात चोळीचा, तिकडे कर्नाटकात गुळेदगुड्डला विणतात. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असतो आणि बुट्टी बारीक, त्यामुळे लहान वस्तूवर नक्षी तुटत नाही. पैठणीचा मोर छोट्या पर्सवर कापला जातो आणि मैत्रिणीच्या हातात नुसती चोच राहते. असं करू नका. पण खणाचा एक दुर्गुण आहे, कापल्याबरोबर तो उसवायला लागतो. म्हणून कापायच्या आधीच त्याच्या उलट्या बाजूला इस्त्रीनं चिकटणारं फ्यूजिंग लावून घ्या. इस्त्री मध्यम ठेवा आणि वर सुती फडकं टाका, कारण बाजारातल्या पुष्कळ खणांत सूत कमी आणि कृत्रिम रेशीम जास्त असतं, ते चकाकून जळतं. रंग जातो का तेही आत्ताच बघा. पांढरं फडकं ओलं करून कोपऱ्यावर घासा. लाल आणि हिरव्यावर तर घासाच.

आता मापं. बाहेरचे दोन तुकडे 8 बाय साडेपाच इंच, अस्तराचे दोन तुकडे तेवढेच. अस्तर सुती आणि फिक्या रंगाचं घ्या. काळ्या अस्तरात पडलेलं नाणं डब्यातल्या उजेडात सापडत नाही. चेन 8 इंच. पुण्याच्या रविवार पेठेत, दादरला, कुठल्याही गावातल्या शिवणसामानाच्या दुकानात ती मीटरवर मिळते आणि रनर, म्हणजे चेन उघडझाप करणारी सरकती कडी, वेगळे घ्यावे लागतात. रोजच्या वापराला 5 नंबरची चेन घ्या, 3 नंबरची नाजूक दिसते पण लवकर तोंड उघडते. दोन रनर जास्तीचे घेऊन ठेवा, ओवताना एक तरी पलंगाखाली जातोच.

बाहेरचा तुकडा सुलटा टेबलावर ठेवा. त्याच्या वरच्या कडेला चेन पालथी, म्हणजे दात कापडाकडे करून. त्यावर अस्तर, सुलटी बाजू खाली. तिन्ही कडा एका रेषेत टाचा आणि मशीनला एका बाजूचा फूट (चेन शिवायचा) लावून पाव इंचावर टीप मारा. तो फूट नसेल तर आधी कच्चा दोरा घालून घ्या, आणि रनरपाशी आलात की सुई कापडातच खाली ठेवून फूट उचला, रनर मागे सरकवा, मग पुढे चला. मशीनची सुई 16 नंबरची हवी, 14 ची या जाडीत वाकते. दोन्ही कापडं उलटवून इस्त्री करा आणि चेनीच्या कडेनं वरून एक टीप द्या. ही टीप बायका गाळतात, मग अस्तर दातांत अडकतं आणि दोष रनरला जातो. दुसऱ्या बाजूलाही हेच.

आणि आता, पुढची एकही टीप मारायच्या आधी, चेन अर्धी उघडा.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या पर्सला मी उघडली नव्हती. चारी बाजू शिवल्या, अस्तराच्या भोकातून पर्स उलटायला घेतली, तर आत चेन पूर्ण बंद आणि रनर पलीकडे. कापडावरून बोटांनी ढकलत ढकलत अर्धा तास गेला. शेवटी एक बाजू उसवली. खणावर सुईची भोकं राहिली ती राहिलीच. ती पर्स माझ्याकडेच आहे, किल्ल्या ठेवते.

तर चेन अर्धी उघडी. बाहेरचे दोन तुकडे सुलट्यावर सुलटा, अस्तराचे दोन तुकडे सुलट्यावर सुलटा, असं पसरा. चेनीची टोकं अस्तराच्या बाजूला दुमडा. चारी बाजूंनी अर्धा इंच माया (कडेची जास्तीची जागा) सोडून शिवा, फक्त अस्तराच्या तळाला 3 इंच मोकळे ठेवा. कोपरे टिपेला धक्का न लावता तिरके कापा. त्या मोकळ्या जागेतून सगळं बाहेर ओढा, कोपरे पेन्सिलीच्या बोथट बाजूनं काढा (कात्रीनं नको, आरपार जाते) आणि भोक हातानं बुजवा. रनरला सुताचा एक गोंडा बांधा. गर्दीत एका हातानं उघडायला तोच कामाला येतो.

बाटलीची जाळी हे खरं गाडीतलं काम. क्रोशाला एकच सुई लागते, शेजारणीच्या कुशीत टोचत नाही. दोन सुयांचं विणकाम मी चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकाच्या टोकाला कशीबशी टेकून, एकदाच केलं. शिवाय सुईवर एकच टाका जिवंत असतो. स्टेशन आलं की त्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि उतरायचं, काही सुटत नाही. गुंड्यासाठी श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या आणि झाकणाला भोक पाडून दोरा बाहेर काढा, नाहीतर गुंडा दरवाज्यापर्यंत जातो आणि येताना मुंबईची सगळी धूळ घेऊन येतो.

सूत चार पदरी सुती घ्या, सुई साडेतीन मिलिमीटरची. लोकर नको, ओली बाटली लोकरीत वास धरते. सुताच्या रिळावरचा नंबर उलटा चालतो, 40 नंबर 20 पेक्षा बारीक. आंध्रात नरसापूरच्या बायका बारीक सुताची लेस करतात ती बघत बसावी अशी, पण एक लिटर पाण्याला ती नको.

व्हिडिओ बघून करणार असाल तर एक घोळ आधीच समजून घ्या. आपण ज्याला मुका खांब म्हणतो, म्हणजे सुईवर वेढा न घेता केलेला, त्याला अमेरिकन बायका सिंगल म्हणतात आणि इंग्लंडातल्या डबल. आपला साधा खांब, म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन केलेला, तो अमेरिकेत डबल आणि इंग्लंडात ट्रेबल. बाई कुठली बोलते आहे हे न कळता केलेली जाळी अर्ध्या उंचीची होते.

चार साखळ्या घालून गोल जोडा. पहिल्या फेरीत 12 खांब. सुरुवातीच्या तीन साखळ्या म्हणजे एक खांब धरायचा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, झाले 24. तिसरीत एका खांबात एक, पुढच्यात दोन, असं आलटून पालटून, झाले 36. हा तळ. बाटलीच्या बुडाशी लावून बघा, किंचित लहान असला पाहिजे कारण सूत ताणतं. बरोब्बर मापाचा केलात तर महिन्यानं लोंबतो. तळ वाटीसारखा वळायला लागला तर हात घट्ट आहे, सुई अर्ध्या मिलिमीटरनं मोठी घ्या. फुग्यांसारखा लाटा मारायला लागला तर वाढवलेले खांब मोजा, कुठेतरी जास्त झालेत.

चौथ्या फेरीत काही वाढवायचं नाही, खांबावर खांब. इथून भिंत उभी राहते. मग जाळी: 5 साखळ्या, दोन खांब सोडून तिसऱ्यात मुका खांब, अशी 12 कमानी. पुढच्या प्रत्येक फेरीत 5 साखळ्या घालून खालच्या कमानीच्या मध्यावर मुका खांब. बाटलीच्या खांद्यापर्यंत जा. माझ्या हातानं नऊ-दहा फेऱ्या होतात, तुमच्या हाताचं तुम्हालाच कळेल. शेवटी प्रत्येक कमानीत 3 मुके खांब घालून पुन्हा 36 करा आणि वर आणखी एक फेरी घट्ट.

पट्ट्याची गोष्ट वेगळी. कळवावालीला दिलेल्या पहिल्या जाळीला मी नुसत्या साखळ्यांचा पट्टा लावला होता, चांगला जाड दिसत होता. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, वर बाटली स्टीलची. सकाळी कमरेला असलेली बाटली संध्याकाळी परतताना तिच्या गुडघ्यावर आपटत होती. ती काही बोलली नाही, पट्ट्याला दोन गाठी मारून वापरत राहिली. त्या गाठी मला रोज दिसायच्या. तेव्हापासून पट्टा 5 मुक्या खांबांच्या रुंदीचा करते, लागेल त्यापेक्षा 4 इंच आखूड, आणि मागून सपाट सुती नाडी हातानं शिवून घेते. नाडी ताणत नाही, सगळं वजन ती घेते. क्रोशा दिसायला.

दुपट्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यात युक्ती कमी आणि वेळ जास्त आहे. घाटकोपरवालीच्या मुलीच्या बाळासाठी केलं तेव्हा घाटकोपरवालीच्या आईचं जुनं नऊवारी तिच्याचकडून मागून घेतलं. नवं सुती कापड कितीही महाग आणलं तरी तेवढं मऊ नसतं. जुनं कापड उजेडासमोर धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी ताणा. विरलेल्या जागी लगेच कळतं. ते भाग मधल्या थरात टाका. 36 इंचांचा चौकोन, तीन थर. आधी कडकडीत उन्हात वाळवून घ्या, मग जमिनीवर पसरून वितीवितीवर कच्चा दोरा घाला. हे केलं नाही तर शेवटी मधे फुगा येतो. धावदोरा कडेपासून आत घालत या, दोन ओळींत दोन बोटं अंतर. गाठी थरांच्या आत.

कडेला क्रोशा हवा असेल तर कापडात सुई थेट घुसवू नका. आधी पाव-पाव इंचावर काजटाका (काजाच्या कडेला घालतात तो) घाला आणि त्या टाक्यांत मुके खांब विणा. एक फेरी, फार तर दोन. कमानींची लेस दिसते सुंदर, पण बाळाची बोटं त्यात अडकतात. मोती, टिकल्या, जर, बटणं यातलं काही लावायचं नाही. घाटकोपरवाली म्हणाली, “अगं, जरा साधंच झालं ना?” मी हो म्हटलं.

संक्रांतीच्या वाणाला 25 बटवे शिवायचे मनात आणू नका. मी आणले होते. शेवटचे सात जावेनं बाजारातून आणले.

देताना चमकीचा कागद नको. पर्स किंवा जाळी डब्याच्या फडक्यात गुंडाळून द्या. सोबत एक चिठ्ठी: खण थंड पाण्यात एकटा धुवावा, पिळू नये, जाळी आडवी पसरून वाळवावी, लोंबकळत टाकली की ताणते, दुपटं कसंही धुवा. चिठ्ठीबरोबर पांढऱ्या मेणबत्तीचा एक तुकडाही ठेवा. महिना-दोन महिन्यांनी फोन येतो, “अगं, चेन जरा जड जातेय.” दातांवरून मेणबत्ती दोनदा घासायची, रनर चार-पाच वेळा मागेपुढे करायचा, जास्तीचं मेण फडक्यानं पुसायचं.