डॉक्टरांना क्वेरी लिहायची कशी?

रुग्णाच्या चार्टमध्ये उपचार दिसतात, रिपोर्टमध्ये आकडे दिसतात, पण निदान कुठेच लिहिलेलं नसतं. नुसत्या आकड्यावरून कोडरने (चार्ट वाचून आजारांना कोड देणाऱ्याने) निदान लावायचं नसतं, ते डॉक्टरांनीच लिहायला हवं. अशा वेळी क्वेरी, म्हणजे डॉक्टरांकडे स्पष्टीकरण मागणारा प्रश्न, पाठवायची.

१. आधी अख्खा चार्ट वाचा, नर्सिंग नोट्स आणि औषधांच्या नोंदींसकट. उत्तर आत असताना विचारलेली क्वेरी डॉक्टर लक्षात ठेवतात आणि पुढची उघडतच नाहीत.

२. एका क्वेरीत एकच मुद्दा घ्या.

३. पुरावा तारखेसह द्या. ‘क्रिएटिनिन वाढलेलं आहे’ एवढ्याने भागत नाही. (क्रिएटिनिन म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक.) असं लिहा: ‘दाखल होताना 0.9, दुसऱ्या दिवशी 2.4, चौथ्या दिवशी 1.1. नर्सिंग नोटमध्ये लघवी कमी झाल्याची नोंद. सलाईन वाढवले, वेदनाशामक बंद केले.’ विरोधात जाणारी नोंद असेल तर तीही द्या.

४. आता प्रश्न. मी सर्वात जास्त चुकलो ते इथेच. सुरुवातीला मी सरळ लिहायचो, ‘क्रिएटिनिन 2.4 आहे, कृपया एक्यूट किडनी इंज्युरी नोंदवावी’ (म्हणजे किडनीचं काम अचानक बिघडणं). डॉक्टर नोंदवायचेही. ऑडिटमध्ये ते निदान टिकलं नाही, कारण ते डॉक्टरांच्या नाही, माझ्या लेखणीतून आलं होतं. भाषा सुधारली, तरी क्वेरीच्या शीर्षकात निदानाचं नाव राहायचं. तेही सुचवणंच झालं. शीर्षक ‘किडनीच्या कार्याबाबत स्पष्टीकरण’ एवढंच ठेवा.

प्रश्न असा विचारा: ‘वरील नोंदींवरून, ज्या स्थितीसाठी हे उपचार झाले ती आपल्या मते कोणती?’ खाली पर्याय द्या: एक्यूट किडनी इंज्युरी, वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची नसलेली क्रिएटिनिन वाढ, इतर (कृपया लिहा), ठरवता येत नाही. लघवीच्या तपासणीत मडी ब्राउन कास्ट (मातकट तपकिरी, नळीच्या आकाराचे कण) दिसले असतील, तर ट्यूब्युलर नेक्रोसिसचाही (किडनीतल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरण्याचा) पर्याय द्या, एरवी नको.

‘किमान चार पर्याय तरी हवेत’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. जुन्या किडनी विकाराची एकही खूण नसताना तो पर्याय घालणं म्हणजे नुसती भरती. अमेरिकेतल्या, वैद्यकीय नोंदी आणि कोडिंगचं काम पाहणाऱ्या आहिमा आणि अ‍ॅक्डिस या संस्थांच्या 2022 च्या संयुक्त मार्गदर्शिकेतही पर्यायांची किमान संख्या सांगितलेली नाही. पुराव्याला धरून असलेले पर्याय मात्र हवेतच.

‘हो की नाही’ असा प्रश्न नव्या निदानासाठी कधीच वापरू नका. डॉक्टरांनी आधीच लिहिलेला आजार दाखल होतानाच होता का, अशा ठिकाणी तो चालतो. आणि बिलावर काय परिणाम होईल, याचा उल्लेख क्वेरीत, फोनवर किंवा कॉरिडॉरमध्ये उभ्या-उभ्याही करायचा नाही. तोंडी विचारणाऱ्यालाही हेच नियम लागू आहेत.

५. ‘युरोसेप्सिस’ दिसला की थेट क्वेरी पाठवा. आयसीडी-10-सीएम या आजारांच्या अमेरिकी कोड-यादीत या शब्दाला कोडच नाही. लघवीचा संसर्ग की सेप्सिस (संसर्गामुळे शरीरातल्या अवयवांनाच धोका होणं), हे डॉक्टरांनीच सांगायला हवं.

६. उत्तर आलं की ते निदान प्रोग्रेस नोट किंवा डिस्चार्ज समरीतही आलंय ना, ते पाहा. ‘ठरवता येत नाही’ असं उत्तर आलं, तर ते तसंच स्वीकारा. शब्द फिरवून तीच क्वेरी पुन्हा पाठवू नका.