पोरांना वळण लावायचंय? आधी कोणाचे कष्ट आहेत ते दाखवा

पाहुणे आले की आपल्याकडे पहिलं काय होतं, तर खेळणाऱ्या पोराला आतून ओढून आणतात आणि सगळ्यांसमोर सुरू, पाया पड, नाव सांग, कविता म्हणून दाखव. पोरगं आईच्या मागे लपतं, मग आई म्हणते फार लाजतो हो, आणि एखादी काकू म्हणतेच की आजकालच्या पोरांना वळणच नाही. यातून पोराला एवढंच कळतं की पाहुणे आले म्हणजे आपली परीक्षा आहे. हे आधी बंद करा. पाहुणे आले की तुम्ही स्वतः उठा, "या आप्पा, राम राम, बसा" म्हणा आणि पोराच्या हातात पाण्याचा तांब्या-पेला द्या, बस. हातात काम असलं की लाज निम्मी होते, आणि पाणी दिल्यावर आप्पा आपणहून डोक्यावरून हात फिरवतातच.

वयाचंही बघा. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय, त्याला काय वाटलं असेल, हे समजायला पोर साधारण चार-पाच वर्षांचं व्हावं लागतं, त्याआधी ते बरंचसं नक्कलच करतं. त्यामुळे तीन वर्षांच्या लेकराला "थँक्यू म्हण, म्हण ना, म्हणत का नाही" करून रडवण्यात काही अर्थ नाही, तुम्हीच त्याच्या देखत म्हणा. भाजीवाल्या मावशींना "मावशी, मागच्या बाजारची वांगी भरताला फार छान निघाली" असं सांगा, एसटीतून उतरताना कंडक्टरला "येतो भाऊ" म्हणा. पोर ऐकत असतं, आणि महिनाभराने तेच वाक्य त्याच्या तोंडून येतं.

साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांना स्वच्छतेवर भाषणं देत बसले नाहीत, मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, अस्ताव्यस्त पडलेले कपडे घडी करून ठेवायचे. मुलांना लाज वाटली आणि मुलं आपली कामं करायला लागली. शंभर वर्षं होत आली त्याला, पण यापेक्षा चांगली पद्धत मला तरी माहीत नाही.

आता खरा मुद्दा. पोराला जाणीव यावी असं वाटत असेल तर वस्तूच्या मागचा माणूस दाखवायला लागतो, आणि त्यासाठी आपल्या खान्देशाइतकी सोयीची जागा नाही. रावेर-यावलकडे जाताना कधी केळी कापणाऱ्या मजुरांचे कपडे बघितलेत? छातीवर, खांद्यावर काळेतपकिरी डाग असतात. एखादं शहरातलं पोर लगेच म्हणतं, "यांचे कपडे किती घाण." इथे रागावू नका आणि गप्पही बसवू नका, सरळ बागेत घेऊन जा. घड कापला की दांड्यातून चीक कसा गळतो, तो घड खांद्यावर घेऊन माणूस चिखलातून गाडीपर्यंत कसा जातो, ते बघू द्या. एक थेंब त्याच्या जुन्या टीशर्टवर पडू द्या आणि घरी आल्यावर त्यालाच साबण लावून घासायला द्या. डाग जात नाही. मग सांगा की बाबा रे, ते कपडे धुतलेलेच असतात, तू शिकरण खातोस ना त्या केळ्याचे डाग आहेत ते. माझा अनुभव असा की यानंतर पोरं "घाण" म्हणत नाहीत, आणि ताटात केळं अर्धवट टाकायचंही कमी होतं.

कपाशीचंही तसंच. दिवाळीच्या आसपास वेचणी चालू असते, कोणाच्या तरी शेतात ओळख काढा आणि पोराला अर्धा-पाऊण तास वेचायला लावा. कापूस दिसतो मऊ पण सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचतात, कंबर वाकवून राहावं लागतं, आणि शेवटी वजन केलं तर काट्यावर फारसं काही भरत नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळते हे तेव्हाच सांगायचं, आधी नाही. बाकी लेक्चर द्यायची गरज पडत नाही.

आणि सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. हे जरा स्पष्टच बोलते. ज्या घरात सालदाराला वयाने मोठा असून "ए, इकडे ये" म्हणतात, त्याचा चहाचा कप वेगळा ठेवतात, त्या घरातलं पोर पाहुण्यांच्या कितीही पाया पडलं तरी ते वळण नाही, ती दिखाव्याची सवय आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं नवीन साल सुरू होतं, तो दिवस धरा. पोराला सांगा की यांना आजपासून नाना म्हणायचं, अहो-जाहो करायचं, आणि सणाचं ताट, पुरणपोळी, आमरस, जे काही असेल ते पोरानेच वाढायचं. पोळ्याला बैलाला घास भरवतो आपण, पूजा करतो, पण त्या बैलाला वर्षभर सांभाळणाऱ्याला त्या दिवशी कोणी विचारतं का? पोराला विचारायला लावा. गावात राहत नसाल तर घंटागाडीवाले काका आहेत, शाळेचे रिक्षावाले काका आहेत, धुणंभांडी करणाऱ्या ताई आहेत, त्यांची नावं पोराला माहीत असली पाहिजेत.

घरातल्या घरात काय करायचं, तर थँक्यू नेमकं म्हणायचं. "आजी थँक्यू" पेक्षा "आजी, तू कळण्याची भाकरी माझ्यासाठी गरम काढून ठेवली ना" हे आजीला कितीतरी जास्त पोचतं. पोरालाही असंच म्हणायचं, "शहाणा माझा" एवढ्यावर न थांबता "तू दादासाठी शेवटचा आंबा ठेवलास, मी बघितलं." चॉकलेटचं आमिष मात्र नको, नाहीतर पुढच्या वेळी नमस्कार करायच्या आधी पोर हातात काय आहे ते बघेल.

भेटवस्तूचा घोळ तर प्रत्येक वाढदिवसाला होतो. मामा कंपास आणतो, तसे घरात आधीच दोन असतात आणि पोर सगळ्यांसमोर म्हणतं "हा माझ्याकडे आहे." आदल्या दिवशीच खेळ म्हणून सराव घ्या, तुम्ही मामा व्हा, काहीतरी नको असलेलं द्या, एखादा जुना टॉवेल चालेल, आणि खोटं न बोलता काय म्हणता येईल ते शोधायला लावा. "मामा, तू एवढ्या लांबून माझ्यासाठी आलास" हे खरंच असतं ना. पोरं या खेळात खूप हसतात आणि लक्षातही ठेवतात.

सॉरीचं थोडक्यात सांगते, जबरदस्तीने म्हणवून घेऊ नका, आधी दुरुस्त करायला लावा, सांडलं तर पुसणं, फाडलं तर चिकटवणं, सॉरी त्यामागे येतं. जेवताना मोबाईल नको असेल तर आधी बाबांचा मोबाईल फडताळात गेला पाहिजे. थंडीत शेतात भरीत पार्टी असली की पोरांना पंगतीत वाढायला उभं करा, मोठ्यांना आधी, भरीत भाजणाऱ्याला विसरायचं नाही, आणि मग स्वतः बसायचं.

राहिला प्रश्न घरातल्या मोठ्यांचा, कारण आपण पाया पडायची जबरदस्ती थांबवली की आत्याबाई किंवा मोठी आई नाराज होतात. त्यांना पोरासमोर उत्तर देऊ नका. नंतर स्वयंपाकघरात बसून सांगा की ताई, त्याला तुमच्याजवळ जरा रमू द्या, तुमच्या लहानपणीची आखाजीची, झोक्याची गोष्ट सांगा, गाणी शिकवा. ज्या आत्याने गोष्ट सांगितली तिच्या पाया पोरं निघताना न सांगता पडतात, आणि एखादं नाहीच पडलं तरी फाटकापर्यंत तिची पिशवी घेऊन जातं, तेही वळणच धरा.