आईच्या दंडावरचा सेन्सर: देवगडच्या घामात १४ दिवस

दंडावर चिकटवून १४ दिवस शुगर मोजणारा आईचा पहिला सेन्सर पाचव्या दिवशी अंगणात कपडे वाळत घालताना गळून पडला. काही हजार रुपयांची वस्तू, पुढचे नऊ दिवस बाकी होते. चूक माझी होती. आई रोज सकाळी हातापायांना खोबरेल चोळते, गेली साठ वर्षं. मी तो दंड नुसत्या ओल्या फडक्याने पुसला आणि सेन्सर लावला. त्यात मे महिना. आमच्याकडे देवगडात मे महिन्यात पंख्याखाली बसूनही पाठ भिजते. दुसरा सेन्सर मात्र पूर्ण १४ दिवस टिकला. तो कसा टिकवला आणि त्यातून काय कळलं, ते किनारपट्टीवरच्या घरांसाठी लिहून ठेवते आहे.

आधी, सेन्सर लावायचाच कशाला? आई ७४ वर्षांची, रात्री इन्सुलिन घेते. पहाटे घामाने भिजून उठायची आणि आम्ही म्हणायचो, उकाडा आहे. तीन महिन्यांचा रिपोर्ट, एचबीएवनसी, ठीक यायचा. ही टेस्ट खरं तर एका प्रथिनाची आहे: रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते ती मोजते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तीन महिन्यांची सरासरी मिळते. पण पहाटे शुगर खाली जाऊन घाम फुटत असेल, तर तो खड्डा सरासरीत दिसत नाही. शिवाय रक्त कमी असेल तर आकडा फसवतो, आणि आईचं रक्त कमीच आहे. म्हणून डॉक्टरांनी दोन आठवड्यांचा सेन्सर सांगितला.

खोका आणण्यापासूनच काळजी घ्या. सेन्सरच्या, कातडीखाली जाणाऱ्या तारेच्या टोकावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसवलेलं असतं. तेही प्रथिनच. ते नेमकं ग्लुकोजला ओळखतं, त्या क्रियेतून अगदी बारीक वीज निर्माण होते, आणि वीज जितकी जास्त तितकी शुगर जास्त. १९६२ साली अमेरिकेत क्लार्क आणि लायन्स यांनी मांडलेल्या कल्पनेवर हे सगळं उभं आहे. प्रथिन उन्हाने बिघडतं, म्हणून पार्सल स्कूटरच्या डिकीत तापत ठेवू नका, फ्रीझरमध्येही टाकू नका. खोक्यावर तापमान छापलेलं असतं, ते बघा.

लावण्याच्या आदल्या दिवसापासून त्या दंडाला तेल बंद. सकाळी साध्या साबणाने दंड दोनदा धुवा. आंघोळ झाली की लगेच लावू नका, कारण आपल्याकडे न्हाणीतून बाहेर आलं की पाच मिनिटांत पुन्हा घाम येतो. आईला मी वीस मिनिटं पंख्यासमोर बसवलं. मग स्पिरिटचा स्वॅब फिरवला आणि तो पूर्ण वाळेपर्यंत थांबले. जागा दंडाच्या मागची, मांसल. तीळ, व्रण आणि इन्सुलिन टोचायची जागा टाळायची. इन्सुलिनपासून निदान एक इंच दूर.

बायकांसाठी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नाही: ब्लाउजची बाही. ती दंडावर घट्ट बसते आणि बरोबर सेन्सरच्या कडेला घासते. मी आईच्या दोन ब्लाउजच्या बाह्या उसवून दोन बोटं सैल करून दिल्या. ब्लाउज घालताना सेन्सरचा हात आधी घालायचा आणि काढताना शेवटी सोडवायचा, म्हणजे ओढ बसत नाही.

सेन्सर लावायचं यंत्र दंडावर दाबल्यावर खटका वाजतो. आईने डोळे घट्ट मिटले होते, खटका वाजून गेला तरी मिटलेलेच. मग हळूच म्हणाली, "बाय गो, झाला?" सुई आत जाऊन परत बाहेर येते. कातडीखाली राहते ती लवचिक तार, सुमारे पाच मिलिमीटर लांब, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. कड बोटाने गोल फिरवत मिनिटभर दाबून धरा. वरून भोक पाडलेली मेडिकल टेप लावा, पण सेन्सरच्या मधलं छोटं छिद्र झाकू नका. रक्ताचा एखादा थेंब आला तर घाबरू नका. वाहायलाच लागलं तर काढून टाका.

आमचा सेन्सर पहिला तासभर काहीच दाखवत नाही. पहिल्या दिवशी आकडे थोडे इकडेतिकडे असतात, म्हणून बोटातून तपासून ताडून बघा. आमच्याजवळचा प्रकार फोन जवळ नेऊन वाचायचा. त्याला रेंज लागत नाही, हे गावात फार सोयीचं. मात्र त्यात आठच तासांची नोंद राहते. झोपताना वाचला आणि उठल्यावर वाचला, मध्ये आठ तासांहून जास्त गेले, तर रात्रीचा तेवढा तुकडा कायमचा गेला. मी पहाटे चारचा गजर लावायचे.

त्याच गजराला तिसऱ्या रात्री आकडा दिसला ५८. ७० च्या खाली म्हणजे शुगर कमी. माझे हातपाय गार पडले. आईला हलवलं, ती नीट बोलत होती, घाम नव्हता. बोटातून तपासलं तर १०४. आई डाव्या कुशीवर, नेमक्या त्याच दंडावर झोपली होती. सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, पेशींभोवतीच्या पाण्यातली मोजतो. दंड दाबला गेला की तिथला आकडा खोटाच खाली येतो. सहाव्या रात्री पुन्हा ६१ दिसलं. या वेळी आई उताणी होती, कपाळ ओलं. बोटातून ६३. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बोटातूनच तपासलं, कारण सेन्सर काही मिनिटं मागे चालतो आणि शुगर वर येत असतानाही खालीच दाखवतो. डॉक्टरांनी तो आलेख बघून रात्रीचं इन्सुलिन कमी केलं. ते आपल्या मनाने करू नका. आणि आकडा व माणूस जुळत नसतील, तर बोटाला विचारा.

आलेखाशेजारी खाण्याच्या नोंदींची वही ठेवा. वहीशिवाय तो आलेख मुका आहे. आईने दहाला नुसती उकड्या तांदळाची पेज घेतली, तासाभरात १३२ वरून २१४. दुसऱ्या दिवशी तेवढीच पेज, पण आधी तळलेला बांगडा आणि वालाची उसळ, तर १७८ वर थांबली. जेवणावर हापूस खाल्ला तेव्हा २४० च्या पुढे गेली. अर्धाच आंबा दुपारी चारला, एकटा, तेव्हा १८५. आंबा पूर्ण बंद करायला लागला नाही, आणि माझ्या आईसाठी ही मोठी गोष्ट आहे. तुमच्या माणसाचे आकडे वेगळे येतील. साधारणपणे दिवसाचा ७० टक्के वेळ शुगर ७० ते १८० मध्ये असावी असं धरतात. वय झालेल्या, नाजूक माणसांना निम्मा वेळ पुरतो, पण ७० च्या खाली एक टक्क्याहून कमी, म्हणजे दिवसाला जेमतेम पंधरा मिनिटं. म्हाताऱ्या माणसाला जास्त धोका खाली जाण्याचा असतो.

व्हिटॅमिन सी च्या जोरदार गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. काही सेन्सर त्यामुळे शुगर खोटी वाढवून दाखवतात. एमआरआय असेल तर आधी विचारा, बहुतेक वेळा सेन्सर काढावा लागतो.

शेजारच्या काकूंनी विचारलं, याच्यावर किडनीचं, सुजेचंही कळतं का? अजून नाही. एक मिलिलिटर रक्तात साखर असते साधारण एक मिलिग्रॅम, म्हणजे १०० कोटी पिकोग्रॅम. सूज सांगणारं इंटरल्युकिन ६ हे प्रथिन निरोगी माणसात जेमतेम काही पिकोग्रॅम. शिवाय असं प्रथिन सेन्सरला धरलं की खडकाला कालवं चिकटावीत तसं बसून राहतं, मग पुढचं मोजायला जागाच उरत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या शाना केली यांच्या गटाने 'सायन्स' या शोधपत्रिकेत यावरचा उपाय मांडला: सेन्सरवरच्या डीएनएच्या धाग्यांना विजेने हलवून प्रथिन झटकून टाकायचं आणि पुन्हा मोजायचं. मधुमेह असलेल्या उंदरांच्या कातडीत त्यांनी ते करून दाखवलं. माणसाच्या दंडावर ते यावं, अशी मला मनापासून आस आहे. तोवर किडनीसाठी वर्षातून एकदा लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी कराच. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० च्या आत हवं. काकूंची चार वर्षांत झाली नव्हती. आम्ही दोघी गेल्या सोमवारी नमुना देऊन आलो.

चौदाव्या दिवशी सेन्सर ओढून काढू नका, म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी फाटते. कडेला खोबरेल लावा आणि दहा मिनिटं थांबा. गोंद सुटत जातो, मग सावकाश वर उचला. लावायच्या यंत्रातली सुई परसात पुरू नका, जाळू नका. जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद करून दवाखान्यात द्या. त्या दिवशी आईनेच वाटी पुढे केली, आणि बाकीचं तेल नेहमीसारखं दोन्ही हातांना चोळलं.