उत्तरप्रतिमेचा प्रयोग फसतो कुठे? या चुका टाळा

लाल चौकोनाकडे तीस सेकंद टक लावून बघायचं आणि मग नजर पांढऱ्या भिंतीवर न्यायची. तिथे निळसर हिरवा चौकोन तरंगायला लागतो. ही उत्तरप्रतिमा. शाळकरी मुलांना मी हा खेळ बरीच वर्षं दाखवतेय, आणि त्यातली निम्मी वर्षं एक चूक करत होते. "नीट मन लावून बघा, म्हणजे छान दिसेल," असं सांगायचे.

नजर स्थिर ठेवायची असते. लक्षाचं गणित वेगळं आहे. पंगतीत आपल्याच पानाकडे बघत शेजारच्याला जिलेबी किती वाढली ते टिपता येतं की नाही? तेच. सातोरू सुझुकी आणि मार्सिया ग्राबोवेकी यांनी 2003 साली हे मोजून दाखवलं. बघताना आकृतीकडे लक्ष दिलं तर उत्तरप्रतिमा उशिरा उमटते आणि लवकर विरते. लक्ष दुसरीकडे गुंतलं असेल तर ती जास्त ठसठशीत येते. म्हणजे माझी सूचना नेमकी उलटी होती.

हे घरी करून बघायचं तर घोटीव कागद घेऊ नका. त्यावर ट्यूबलाइट चमकते आणि चौकोनाच्या मधोमध पांढरा पट्टा पडतो. साधा, न चकाकणारा लाल कार्डशीट घ्या, पाच सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि पांढऱ्या कागदावर चिकटवून मध्ये पेनाने ठिपका द्या. एकदा ठिपक्यावर नजर ठेवून लक्ष लाल रंगाकडे द्या. दुसऱ्यांदा नजर तिथेच, पण लक्ष दुसऱ्या कामात.

हे दुसरं काम निवडताना मी पुन्हा फसले. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, तर सगळी मुलं छताकडे बघायला लागली! हिशोब करताना डोळे आपोआप वर जातात. नजर हलली की प्रतिमा पुसट होते आणि दोष लक्षाच्या माथी जातो. त्यापेक्षा कुणाला तरी आकडे वाचायला बसवा, आणि लागोपाठ दोन विषम आले की बघणाऱ्याने बोट टेकवायचं. प्रतिमेच्या कडा धारदार आल्या तर नजर टिकली होती, कडा फराट्यासारख्या असतील तर ती फेरी सोडून द्या.

टक लावलेली असताना लाल रंगच फिका पडायला लागला, तर "बिघडलं वाटतं" म्हणून डोळे फिरवू नका. स्थिर नजरेसमोरची गोष्ट, विशेषतः कडेची, विरत जाते. ट्रॉक्स्लर यांनी हे 1804 मध्येच नोंदवलंय. दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, नाहीतर जुनीच प्रतिमा नवीत मिसळते. दर वेळी रंगाकडे लक्ष देणारी फेरी आधी घेऊ नका, क्रम बदलत राहा. इतकं करूनही एका फेरीत फरक दिसेलच असं नाही. दहा फेऱ्यांत प्रतिमा किती सेकंद टिकली ते लिहून काढलं तर काही म्हणता येईल.

आणि भिंत एकच ठेवा. भिंत जितकी लांब तितकी प्रतिमा मोठी भासते. हा एमर्टचा नियम, 1881 सालचा. आमच्या नात्यातले एक काका छायापुरुषाची साधना करायचे. उन्हात स्वतःच्या सावलीकडे टक लावायची आणि मग आकाशाकडे बघायचं. तिथे त्यांना प्रचंड उजळ पुरुष दिसायचा. काळ्या सावलीची उत्तरप्रतिमा उजळच असणार, आणि आकाशाइतकी लांब भिंत दुसरी कुठली!

सगळ्यात मोठी चूक मात्र निष्कर्ष काढताना होते. "ज्याकडे लक्ष, त्याचीच जाणीव" असं आपण धरून चालतो. व्हॅन बॉक्स्टेल, त्सुचिया आणि कोख यांनी 2010 मध्ये या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एका डोळ्याला फिकी आकृती दाखवायची आणि दुसऱ्याला भराभर बदलणारे रंगीत ठोकळे, म्हणजे आकृती समोर असूनही दिसत नाही. आकृती दिसली तेव्हा उत्तरप्रतिमा जास्त टिकली, आकृतीकडे लक्ष दिलं तेव्हा कमी. दोन्हींचा परिणाम विरुद्ध दिशेला. लक्षाचेही प्रकार आहेत. अलाहाबादच्या बैजल आणि श्रीनिवासन यांना 2009 मध्ये दिसलं की लक्ष जितकं पसरट, तितकी प्रतिमा अल्पायुषी. तेव्हा भिंतीवरचा चौकोन बघून "याचं लक्षच नसतं" असं कुठल्याही पोरावर शिक्कामोर्तब करू नका.

सूर्यावर हा प्रयोग कधीही नाही. न्यूटनने आरशातला सूर्य बघितला आणि डोळे ताळ्यावर यायला तीन दिवस अंधाऱ्या खोलीत काढले. आणि टक न लावताही वस्तूंच्या प्रतिमा नजरेसमोर रेंगाळत असतील, तर तो खेळ नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

एक राहिलंच. आकड्यांचं काम फार सोपं असेल तर उरलेलं लक्ष गुपचूप लाल रंगाकडे परततं. माझी भाची विषम आकडे ओळखता ओळखता मधेच म्हणाली, "मावशी, कडेला हिरवं काहीतरी चमकतंय." तिच्यासाठी आता आकडे दुप्पट वेगाने वाचावे लागतात.