सुट्टीवर जाताना माशांची सोय

आठवडाभर घर बंद राहणार असेल, तर माशांच्या उपासाची फारशी चिंता करू नये, कारण निरोगी, पूर्ण वाढलेले मासे तेवढे दिवस सहज काढतात. खरा धोका शेजारच्या काकूंच्या मायेचा असतो. त्यांनी मूठभर टाकलेले खाणे तळाशी कुजते, अमोनिया वाढतो आणि पाणी दुधाळ होते. म्हणून चिमूट-चिमूट दाण्यांच्या पुड्या बांधून त्यांवर वार लिहावेत आणि डबा कपाटात बंद करावा. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी पाव भाग पाणी बदलावे. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यामुळे लष्कर भागातील आमच्या घरी पडदे ओढून, वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप जोडूनच आम्ही कुलूप लावतो.